जीवकाचे उदरशस्त्रकर्म : विनयपिटकातील एक नोंद आणि कोकणातील एक प्रश्न

भारतीय वैद्यकाच्या इतिहासात शस्त्रक्रियेचा विषय निघाला की सुश्रुताचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु पोट उघडून आतड्यावर केलेल्या शस्त्रक्रियेची हकीकत, रुग्ण कोण, नगर कोणते, वैद्य कोण आणि मोबदला किती एवढ्या तपशिलासह वाचावयाची असेल, तर विनयपिटक उघडावे लागते. महावग्गाच्या आठव्या खन्धकात, म्हणजे चीवरक्खन्धकात, जीवक कोमारभच्चाचे चरित्र आले आहे. भिक्खूंनी गृहस्थांकडून चीवर स्वीकारण्यास अनुमती कशी मिळाली हे सांगण्याच्या ओघात ते येते. कारण ती अनुमती जीवकाने मागितली होती. वैद्यकाचा इतिहास सांगणे हा तेथे हेतू नाही. म्हणूनच ह्या नोंदीचे मोल अधिक आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, कुडाळ, कणकवली ह्या भागातील उपासक वर्षावासात ग्रंथवाचन करतात. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथातील जीवकाचे प्रकरण त्यांना परिचित आहे. कथा श्रद्धेने ऐकली जाते आणि बहुधा तेथेच संपते. ती तेथे संपू नये असे आम्हांस वाटते. जीवकाने ज्या व्याधीवर शस्त्र चालविले, तिला आजही कोकणात 'आतड्याला पीळ पडला' असेच म्हणतात; आणि असा पीळ पडलेल्या माणसाचे प्राण वाचतील की नाही, हे आजही पुष्कळदा तो वेळेवर शस्त्रक्रियागृहात पोहोचतो की नाही ह्यावर ठरते. पोटातील अशा विरळ व्याधींच्या उपचाराचा इतिहास तीन प्रश्नांभोवती फिरतो. आत काय आहे ते कोण पाहतो? आत हात घालण्यास कोण धजतो? आणि तो हात कोणापर्यंत पोहोचतो? प्रस्तुत लेखात ह्या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

मूळ पाठ काय सांगतो

वाराणसीच्या श्रेष्ठीचा पुत्र 'मोक्खचिका' नावाचा खेळ, म्हणजे कोलांट्या उड्यांचा एक प्रकार, खेळत असता त्यास 'अन्तगण्ठाबाध' जडला. अन्त म्हणजे आतडे, गण्ठ म्हणजे गाठ, आबाध म्हणजे व्याधी. पेज घेतली तरी पचेना, भात खाल्ला तरी पचेना, मलमूत्राचे विसर्जन नीट होईना. तो कृश झाला, रूक्ष झाला, पिवळा पडला, अंगावरच्या शिरा जाळ्यासारख्या दिसू लागल्या. श्रेष्ठीने राजगृहास जाऊन बिम्बिसार राजास विनंती केली आणि राजाज्ञेने जीवक वाराणसीस आला.

पुढील वर्णन मोजक्या शब्दांत आहे. जीवकाने लोकांना दूर केले, भोवती पडदा लावला, रुग्णास खांबाला बांधले, त्याच्या पत्नीस समोर उभे केले. पोटाची त्वचा कापली, आतड्याची गाठ बाहेर काढली आणि ती पत्नीस दाखविली. तुझ्या पतीचा रोग तो हा, ह्याच्यामुळेच त्यास अन्न पचत नव्हते, असे सांगितले. मग गाठ सोडविली, आतडी परत आत ठेवली, त्वचा शिवली आणि वर लेप लावला. थोड्याच काळात रुग्ण बरा झाला. श्रेष्ठीने जीवकास सोळा हजारांचे पारितोषिक दिले.

ह्या क्रमातील एक बाब विशेष आहे. जीवकाने गाठ सोडविण्यापूर्वी ती दाखविली. वैद्याने आपले ज्ञान गूढ ठेवले नाही. रोगाचे कारण डोळ्यांपुढे धरले आणि घरच्या माणसास साक्षी केले. पडदा लोकांसाठी होता, पत्नीसाठी नव्हता. ज्या धम्माचे वर्णन 'एहिपस्सिको' म्हणजे 'या आणि पाहा' असे केले जाते, त्याच्या वाङ्मयात वैद्याची कृतीही अशीच नोंदली जावी, हे लक्षणीय आहे.

नोंदीचे मोल आणि मर्यादा

अशा नोंदी वाचताना दोन टोके टाळली पाहिजेत. एक टोक, ही केवळ दंतकथा म्हणून बाजूस सारणे. दुसरे, आजचे सर्व शल्यशास्त्र जीवकाला ठाऊक होते असे म्हणणे. विनयपिटकाचे संकलन दीर्घकाळ चालले आणि सिंहलद्वीपात ते इ.स.पू. पहिल्या शतकात लिपिबद्ध झाले अशी परंपरा आहे. तेव्हा ही नोंद एखाद्या विशिष्ट दिवशी घडलेल्या प्रसंगाचे प्रमाणपत्र नव्हे. परंतु ज्यांनी ती जतन केली, त्यांना पोट उघडून आतडे बाहेर काढता येते, पीळ उलगडता येतो, आतडे परत ठेवून शिवता येते ही कल्पना सुस्पष्ट होती, एवढे निश्चित म्हणता येते.

वैद्यकीय दृष्टीनेही पाठ विचार करावयास लावतो. आतड्याला पूर्ण पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा थांबला तर काही तासांतच ते काळे पडू लागते आणि उपचाराविना रुग्ण फार दिवस जगत नाही. येथे तर रुग्ण हळूहळू कृश झाला आहे. म्हणजे वर्णन अपुऱ्या अथवा वरचेवर पडणाऱ्या पिळाशी अधिक जुळते. काही मुलांत गर्भावस्थेतच आतड्याचे वळण अपुरे राहते. त्यास आज 'मालरोटेशन' म्हणतात. बहुतेकांना त्याचा त्रास जन्माच्या पहिल्या महिन्यातच होतो, पण क्वचित एखाद्यास तो मोठेपणी पोटदुखी, उलट्या व कृशता ह्या रूपाने जाणवतो. श्रेष्ठिपुत्राला हाच रोग होता असे ठरविणे अर्थातच शक्य नाही. परंतु पाठातील लक्षणे मनःपूत रचलेली नाहीत, एवढे ह्यावरून दिसते. बॉस्टनचे शल्यविशारद विल्यम लॅड ह्यांनी १९३६ साली ह्या विकारावरील शस्त्रक्रियेचे वर्णन केले. तिचा गाभा आतडे बाहेर घेणे, पीळ उलट दिशेने उलगडणे आणि ते पुन्हा पिळणार नाही अशा रीतीने आत ठेवणे हाच आहे. पालीतील 'विनिवेठेति', म्हणजे गुंडाळलेले उलगडणे, हे क्रियापद येथे तंतोतंत बसते.

मूळ पाठात भूल देण्याचा उल्लेख मात्र नाही. रुग्णास खांबाला बांधले होते, एवढेच आहे. ईथरची भूल देऊन बॉस्टन येथे जाहीर शस्त्रक्रिया झाली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, आणि जोसेफ लिस्टर ह्यांनी जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध केली ती १८६७ साली. ह्या दोन गोष्टींवाचून पोट उघडणे हे केवढे धाडस होते, ह्याची कल्पना येते. जीवकाचा गौरव करण्यासाठी पाठात नसलेली संमोहनविद्या त्यास चिकटविण्याची आवश्यकता नाही.

आणखी एक गोष्ट. चीवरक्खन्धकात जीवकाने केलेल्या सहा उपचारांचे वर्णन आहे. साकेतच्या श्रेष्ठिपत्नीस नाकावाटे औषधी तूप, बिम्बिसारास भगंदरावर लेप, प्रद्योत राजास तूप आणि तथागतांस औषधी कमळांच्या गंधाने सौम्य विरेचन. शस्त्र आले ते दोनच ठिकाणी: राजगृहाच्या श्रेष्ठीच्या मस्तकावर आणि वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राच्या पोटावर. ज्या वैद्याच्या हाती चाकू होता तो सहापैकी चार वेळा चाकूवाचून भागवितो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

महावग्गाच्या सहाव्या खन्धकात ह्याच दृष्टीला नियमाचे रूप आले आहे. आकाशगोत्त नावाच्या वैद्याने एका भिक्खूच्या भगंदरावर शस्त्र चालविले आणि ती जखम तथागतांस दाखवीत घोरपडीच्या तोंडाची उपमा देऊन थट्टा केली. तेव्हा गुह्यस्थानापासून दोन अंगुळांच्या आत शस्त्रकर्म करू नये असा नियम झाला. कारण दिले ते शौचाशौचाचे नव्हते: तेथील त्वचा नाजूक, जखम भरणे कठीण, शस्त्र चालविणे अवघड. त्याच खन्धकात गळवावर शस्त्र चालविण्यास अनुमती आहे आणि जखम धुणे, पट्टी बांधणे, धुरी देणे, वाढलेले मांस मिठाच्या खड्याने काढणे, जखमेत तेल घालणे अशी सूक्ष्म व्यवस्थाही आहे. शस्त्र कोठे चालवावे आणि कोठे नाही, हे रुग्णाच्या हितावरून ठरावे, हे तत्त्व ह्यातून निघते.

सुश्रुताची साक्ष

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौदावा अध्याय उदररोगांचा आहे. आतड्यात अडथळा झाल्यास नाभीखाली, मध्यरेषेपासून चार अंगुळे डावीकडे, पोट चिरावे. आतडी चार अंगुळे बाहेर काढून तपासावी. अडकलेला खडा, केस अथवा मळ काढून, मध व तूप लावून ती परत ठेवावी आणि बाहेरची जखम शिवावी, असे तेथे सांगितले आहे. आतड्याला छिद्र पडले असेल तर त्याच्या कडा जुळवून मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चाववाव्यात आणि चावा बसताच त्यांची धडे तोडून डोकी तशीच ठेवावीत, हा प्रसिद्ध विधीही त्याच अध्यायातील आहे.

त्याहून आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो जलोदराचा उपचार. पोटात पाणी साठल्यास तेथे मोठी चीर सांगितलेली नाही. 'व्रीहिमुख' म्हणजे भाताच्या दाण्यासारखे टोक असलेल्या शस्त्राने एक छिद्र पाडावे, त्यात धातूची अथवा पक्ष्याच्या पिसाची नळी घालावी आणि पाणी सोडावे. सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये, तसे केल्यास तहान, ज्वर, धाप इत्यादी उपद्रव होतात. थोडेथोडे काढावे आणि पोट वस्त्राने आवळून बांधावे. पोटातील पाणी फार वेगाने काढल्यास रक्ताभिसरणावर ताण येतो, हे आजचे डॉक्टरही जाणतात. लहान छिद्र, एक नळी, सावकाश कृती: कमीत कमी इजा करून उपचार करण्याचा विचार भारतात नवा नाही.

सुश्रुतसंहितेचा प्रतिसंस्कर्ता नागार्जुन होता असे डल्हण हा टीकाकार सांगतो. हा नागार्जुन म्हणजे माध्यमिक आचार्य असे त्यावरून सिद्ध होत नाही आणि आम्ही तसा आग्रह धरीत नाही. परंतु भारतीय वैद्यकाच्या वाढीत श्रमणपरंपरेचा वाटा मोठा होता, हे प्रतिपादन केनेथ झिस्क ह्यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात पाली विनय आणि वैद्यकसंहिता ह्यांची तुलना करून केले आहे, आणि त्याची दखल घेणे आवश्यक आहे.

हात कोणाचा

एवढे ज्ञान होते, तर ते वाढले का नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ वैद्यकग्रंथांत मिळत नाही. ते समाजरचनेत शोधावे लागते.

जीवकाचा जन्म पाहा. राजगृहाची गणिका सालवती हिने नवजात बालक एका जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकविले. कावळ्यांनी वेढलेले ते मूल राजपुत्र अभयाने पाहिले. ते जिवंत आहे असे कळले म्हणून त्याचे नाव जीवक. ज्याला कुळ नाही, गोत्र नाही, असे हे मूल पुढे तक्षशिलेस सात वर्षे वैद्यक शिकते. बौद्ध वाङ्मयाला आपला सर्वश्रेष्ठ वैद्य उकिरड्यावरून आला हे सांगण्यात कमीपणा वाटत नाही.

ह्याच्या शेजारी ब्राह्मणी परंपरेतील वचने ठेवून पाहावीत. माणसांत वावरणारे वैद्य म्हणून अश्विनीकुमार अपवित्र ठरतात आणि म्हणून ब्राह्मणाने वैद्यकी करू नये, असे तैत्तिरीय संहिता सांगते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वैद्यास श्राद्धकर्मातून वर्ज्य केले आहे, चौथ्या अध्यायात त्याचे अन्न पुवासमान मानले आहे, आणि दहाव्या अध्यायात चिकित्सा हे अंबष्ठाचे काम म्हणून लावून दिले आहे. सुश्रुताने शरीरज्ञानासाठी मृतदेह पाण्यात सात दिवस ठेवून त्याचा थर न् थर पाहण्यास सांगितले. धर्मशास्त्राने मृतदेहाचा स्पर्शच अशुद्ध ठरविला. खुद्द सुश्रुतसंहितेत, कुलगुणसंपन्न शूद्रास उपनयन व मंत्र वगळून शिकवावे, असे 'काहींचे मत' म्हणून नोंदविले आहे. म्हणजे दार पूर्ण बंदही नव्हते आणि पूर्ण उघडेही नव्हते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय ह्यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात, ज्याचा पहिला भाग १९०२ साली निघाला, हाच मुद्दा मांडला. हाताने काम करणारा आणि डोक्याने विचार करणारा ह्यांची जातींत फारकत झाली आणि शोधक वृत्ती आटली, असे त्यांचे म्हणणे आहे.

शस्त्रकर्म मात्र नाहीसे झाले नाही. ते खालच्या मानलेल्या हातांत राहिले. ह्याची साक्ष महाराष्ट्रातूनच मिळते. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकीकत छापून आली. टिपूच्या सैन्याने कापलेले त्याचे नाक पुण्याजवळ कपाळाची त्वचा वळवून पुन्हा घडविले गेले. ते करणारा विटा भाजणाऱ्या जातीचा माणूस होता. ह्या वृत्तान्तावरून युरोपातील शल्यविशारद नाक घडविण्याची क्रिया शिकले. गावोगाव जखमा व गळवे हाताळणारा न्हावी आणि बाळंतपण करणारी मांग-महारांची सुईण हेही ह्याच साखळीतील दुवे होत. ज्यांच्या हाताचा विटाळ मानला, त्यांच्याच हातात जन्म आणि जखम सोपविली गेली. पण त्यांचे ज्ञान ग्रंथात आले नाही आणि ग्रंथातील ज्ञान त्यांच्यापर्यंत गेले नाही. १८३६ साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्त ह्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन केले तेव्हा ते एक सामाजिक धाडस मानले गेले, त्याचे कारण हेच.

स्पर्शाचा प्रश्न डॉक्टरी शिक्षण आल्यानेही सुटला नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले होते. बाबासाहेबांनी ते आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आत्मकथनपर लेखनात उद्धृत केले आहे. बाळंतीण पत्नी आजारी पडली; डॉक्टर वस्तीत येईना. अखेर तिला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर तो आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने पतीच्या, पतीने पत्नीच्या. न शिवता निदान झाले, औषध लिहून दिले गेले, आणि ती स्त्री मरण पावली. ज्या देशात वैद्य नाडीलाही हात लावीत नाही, तेथे पोटात हात कोण घालणार? शल्यशास्त्राचा इतिहास हा अस्पृश्यतेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, तो ह्यासाठी.

आत पाहणारा मणी

हाताचा प्रश्न असा. आता डोळ्याचा. पाली पाठात नसलेली पण मूलसर्वास्तिवादी विनयाच्या तिबेटी परंपरेत आलेली एक कथा आहे. जीवकाला एका मोळीविक्याच्या लाकडांत एक मणी मिळतो. तो रुग्णापुढे धरला की दिव्याने घरातील वस्तू दिसाव्यात तसे शरीराच्या आतील सर्व दिसते. चिनी परंपरेत ह्या मण्याच्या जागी औषधिराज वृक्षाचे लाकूड येते. ही कथाच आहे, शोध नव्हे. परंतु तिच्यात वैद्याची खरी अडचण बोलली आहे: पोट न फाडता पोटात पाहता आले तर!

ती इच्छा विसाव्या शतकात पुरी झाली. १९०१ साली जर्मनीत गेओर्ग केलिंग ह्यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून नळीतून आत पाहिले. १९१० साली स्टॉकहोमचे हान्स क्रिश्चन याकोबेउस ह्यांनी ही पद्धत माणसांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. आणि त्यांचे आरंभीचे रुग्ण होते जलोदराचे. पाणी काढण्यासाठी छिद्र पाडावयाचे होतेच. त्यातूनच त्यांनी आत डोकावून पाहिले. सुश्रुताची नळी आणि आजची दुर्बीण ह्यांत ऐतिहासिक धागा नाही, पण एकाच रोगाने दोघांनाही एकाच वाटेवर आणले.

महाराष्ट्रात ही वाट मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून निघाली. डॉ. तेहमतन उडवाडिया ह्यांनी १९७२ पासून निदानासाठी पोटाच्या दुर्बिणीचा वापर सुरू केला आणि १९९० साली त्याच रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. २०२३ साली त्यांचे निधन झाले. हे कार्य एका सरकारी रुग्णालयात, सामान्य रुग्णांवर उभे राहिले, हे विसरता कामा नये. पोटाच्या क्षयासारख्या रोगात दुर्बिणीने आत पाहून आणि लहानसा तुकडा काढून निदान करता येते. मग औषधांनीच पुष्कळ रुग्ण बरे होतात आणि पोट फाडण्याची वेळ येत नाही.

आज ह्या पद्धतीत अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पाडून, कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवून, पडद्यावर पाहत शस्त्रक्रिया होते. विरळ व्याधींतही तिचा उपयोग वाढला आहे. आतड्यांचे वळण अपुरे असलेल्या, पण प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांत लॅड ह्यांची क्रिया दुर्बिणीतून करता येते. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागास पीळ पडला आणि आतडे सडलेले नसेल, तर गुदमार्गाने दुर्बीण व नळी घालून तो पीळ प्रथम सोडवितात. ही रीत नॉर्वेचे ब्रूसगार्ड ह्यांनी १९४७ साली रूढ केली. पण तसा पीळ पुन्हा पडण्याचा धोका मोठा असल्याने पुढे तो भाग काढावा लागतो. लहान आतड्याभोवती रेशमाच्या कोशासारखा पापुद्रा तयार होऊन ते आवळले जाण्याचा एक दुर्मीळ विकार आहे. त्यास १९७८ साली 'ॲब्डॉमिनल कोकून' हे नाव मिळाले. भारतात त्याचा संबंध पुष्कळदा क्षयाशी आढळतो. तेथे पापुद्रा हलक्या हाताने सोडविणे हेच कौशल्य. मात्र आतडे फार फुगलेले असेल, काळे पडले असेल अथवा रुग्णाची प्रकृती ढासळली असेल, तर मोठी चीर घेऊन पोट उघडणे हेच सुरक्षित ठरते. दोन अंगुळांच्या नियमामागील विचार येथेही लागू पडतो: साधन नवे की जुने हा प्रश्न नाही, ह्या जागी, ह्या रुग्णास ते हिताचे आहे काय, हा प्रश्न आहे.

लहान छिद्राचे महत्त्व कष्टकऱ्यास अधिक. मोठी चीर घेतलेल्या माणसास कित्येक आठवडे जड उचलता येत नाही, आणि घाईने कामाला लागल्यास चिरेतून हर्निया होण्याचे भय. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा, चिरेखाणीत जांभा उचलणारा, डोक्यावर मासळीची टोपली घेऊन बाजार गाठणारी, ह्यांना ते आठवडे परवडत नाहीत.

कोणापर्यंत

आता तिसरा प्रश्न, आणि सर्वांत अवघड. विनयपिटक जीवकाची स्तुती करून थांबत नाही. महावग्गाच्या पहिल्या खन्धकात एक अस्वस्थ करणारा प्रसंग आहे. मगधात पाच रोगांची साथ पसरली. लोक जीवकाकडे आले. आमचे सर्व धन घ्या, आम्ही आपले दास होतो, पण बरे करा, असे म्हणाले. जीवकाने नकार दिला. राजा, राजाचे अंतःपुर आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघ एवढ्यांची सेवा माझ्याकडे आहे. तुम्हांस पाहणे शक्य नाही, हे त्याचे उत्तर. तेव्हा लोक उपचारासाठी संघात शिरले, बरे होऊन बाहेर पडले. आणि अखेर ह्या रोगांनी ग्रासलेल्यांस प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला.

ह्या प्रसंगाकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. श्रेष्ठिपुत्रास सोळा हजारांचा उपचार मिळाला. सामान्य रोग्यास राजवैद्याचे दार बंद राहिले. एक वैद्य कितीही थोर असला तरी तो व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, हे पाठच सांगतो.

आणि त्याचे उत्तरही त्याच पिटकात आहे. जीवकाच्या चरित्राने ज्या चीवरक्खन्धकाचा आरंभ होतो, त्यातच पुढे 'कुच्छिविकार' म्हणजे पोटाचा आजार झालेला भिक्खू येतो. तो स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. कोणाच्या उपयोगी नाही म्हणून सोबत्यांनी त्यास टाकले होते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः ओतले, आनंदाने धुतले, दोघांनी उचलून मंचकावर ठेवले. मग संघास बजावले, की ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी. चांगल्या परिचारकाची पाच लक्षणे तेथेच येतात. मलमूत्र, वांती, थुंकी काढताना किळस न करणे हे त्यांपैकी एक. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या ग्रंथात घेतला. एकाच खन्धकात पोटाचे दोन रुग्ण आहेत: एकास शस्त्र मिळाले, दुसऱ्यास स्पर्श. दोन्हींची सांगड घातल्याशिवाय चिकित्सा पुरी होत नाही. सम्राट अशोकाने ती सांगड राज्याच्या धोरणात घातली. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यचिकित्सा व पशुचिकित्सा, औषधी वनस्पतींची लागवड आणि रस्त्यांवरील विहिरी ह्यांचा निर्देश आहे. ह्याच लेखमालेतील आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे आपल्या उत्तर कोकणात सोपाऱ्यास सापडले आहेत.

आता दक्षिण कोकणाकडे पाहू. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग हा आठ तालुक्यांचा जिल्हा. गंभीर रुग्ण बांबोळीला नेणे ही येथील पिढ्यांची सवय. गोव्यातील त्या महाविद्यालयाचे मूळ १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकशाळेत आहे. मालवणहून बांबोळी शंभर किलोमीटरांहून अधिक. दुसरी वाट घाट चढून कोल्हापूरची. जानेवारी २०१८ पासून गोवा शासनाने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्ग येथे लोकांनी आंदोलन केले. आता ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजनाही आहे. ही प्रगती लहान नाही. परंतु पीळ पडलेले आतडे महाविद्यालयाच्या पाटीने उलगडत नाही. रात्री अपरात्री शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही एकाच छताखाली असावी लागतात, आणि रुग्णवाहिका वाडीपर्यंत यावी लागते. ती मागणी नागरिक म्हणून आपण करावयाची आहे.

एक काम मात्र आपल्याच हातातील आहे. पोट अचानक फुगले, उलट्या सुरू झाल्या, शौच व वारा दोन्ही बंद झाले, अथवा नवजात बालकास हिरवी उलटी झाली, तर तो शस्त्रक्रियेचा रुग्ण असू शकतो आणि तेथे तास मोजावे लागतात. अशा वेळी पोट चोळणे, डाग देणे, करणी समजून घाड्याकडे जाणे ह्यात गेलेला प्रत्येक तास आतड्याचा जीव घेतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बोटाने शस्त्रक्रिया करतो असा दावा करणे हा गुन्हा ठरविला आहे. चीर नाही, टाका नाही, आणि रोग मात्र काढला असे सांगणारा बुवा आणि गाठ बाहेर काढून पत्नीस दाखविणारा जीवक ह्यांतील अंतर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसास सांगावे लागू नये. तरी ते घराघरांत सांगितले पाहिजे.

म्हणून आमचे सुचविणे असे, की वर्षावासात जीवकाचे प्रकरण वाचले जाईल तेव्हा त्यास जोडून कुच्छिविकाराच्या भिक्खूचा प्रसंगही वाचावा, आणि त्याच दिवशी विहाराच्या फलकावर जवळच्या शस्त्रक्रियागृहाचा व रुग्णवाहिकेचा क्रमांक, योजनेसाठी लागणारी कागदपत्रे आणि रक्तदात्यांची नावे लावावीत. रुग्णाची सेवा म्हणजे तथागतांची सेवा, ह्या वचनाचा आजचा अर्थ इतका साधा आहे.